विरजण कुणाचं?

शंकेखोर : डॉक्टर, तुमची चिठ्ठी मला तोंडपाठ आहे. दोन वर्षांच्या मुलाला जुलाब. पहिल्या ओळीत ओआरएस, दुसरीत झिंक, तिसरीत तापाचं औषध आणि चौथीत ती प्रोबायोटिकची प्लास्टिकची कुपी. मान मोडायची, पाण्यासारखं काहीतरी पोरगं गिळतं, चव नाही, वास नाही. आता मला सांगा, मेडिकलच्या काउंटरवर बापाला पैसे कमी पडले, तर तो यातलं काय परत करतो? कुपी कधीच नाही. तो ओआरएसची पाकिटं परत करतो. ‘मीठ-साखर घरात आहे की,’ म्हणतो. माझा सगळा आक्षेप इथून सुरू होतो. कुपीत जिवाणू आहेत की गंगाजल, हा प्रश्न त्यानंतरचा.

पुरस्कर्ता : बापाच्या हिशेबाचा राग जिवाणूंवर काढू नका. ओआरएस परत केलं जातं, कारण ते पाच-पंचवीस रुपयांचं आहे आणि स्वस्त औषधावर आपल्या लोकांचा विश्वास नसतो. माझा मुद्दा आधी मुळापासून ऐका. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हेन्री तिसिए नावाचा डॉक्टर होता. १९००च्या आसपास त्याला अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळांच्या शीत फाटे फुटलेल्या काडीसारखे जिवाणू मोठ्या संख्येने दिसले. जुलाबाने बेजार झालेल्या मुलांमध्ये ते कमी होते. मग हेच जिवाणू आजारी मुलांना बाहेरून द्यावेत, असं त्याने १९०६मध्ये सुचवलं. त्याच संस्थेतला मेचनिकॉफ दह्यातल्या जिवाणूंवरून दीर्घायुष्याच्या गोष्टी सांगत होता. जगाने मेचनिकॉफचं ऐकलं, कारण म्हाताऱ्यांना जास्त जगायचं असतं. तिसिएची पोरं मागे पडली.

त्या फाटे फुटलेल्या काड्यांचं, म्हणजे बिफिडोबॅक्टेरियमचं कोडं पुढे उलगडलं. आईच्या दुधात काही गुंतागुंतीच्या शर्करा असतात. लॅक्टोज आणि स्निग्धांश सोडले तर दुधात सर्वात जास्त त्याच. आणि बाळाला त्या पचतच नाहीत. मग आईचं शरीर इतकी शक्ती खर्चून त्या बनवतं कशाला? या जिवाणूंना खाऊ घालायला. आई अंगावर पाजते तेव्हा ती एकट्या बाळाला पाजत नसते, डॉक्टरकीत मी शिकलेली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. बदल्यात हे जिवाणू आतड्यात आम्ल तयार करतात, उपद्रवी जंतूंना जागा मिळू देत नाहीत. हे सगळं कुणा कंपनीच्या पत्रकातून आलेलं नाही.

शंकेखोर : सुंदर आहे, मान्य. पण औषधशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि तिथे एक गोष्ट अंगवळणी पडली : तर्क जितका सुंदर, तितकी चाचणी कडक लावायची. ती लागली. नोव्हेंबर २०१८, न्यू इंग्लंड जर्नलच्या एकाच अंकात दोन मोठे अभ्यास. एक अमेरिकेतला, दहा रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत आलेली ९७१ मुलं, तीन महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतची. निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी, म्हणजे जगातला सर्वात जास्त अभ्यासलेला प्रोबायोटिक, दिवसातून दोनदा, पाच दिवस. निम्म्यांना तसंच दिसणारी निर्जीव पूड. जुलाब किती तास टिकले? जिवाणू घेतलेल्यांचे ४९.७ तास, पूड घेतलेल्यांचे ५०.९. म्हणजे अब्जावधी जिवाणू रिचवून पोराने तास-सव्वातास वाचवला, आणि संख्याशास्त्र तेवढंही पदरात टाकायला तयार नाही. दुसरा अभ्यास कॅनडातला, ८८६ मुलं, दोन वेगळ्या जिवाणूंचं मिश्रण. निकाल तोच.

याच्या आधी काय चित्र होतं? २०१०मध्ये कॉक्रेनच्या आढाव्याने ६३ अभ्यास एकत्र करून सांगितलं होतं की जुलाब सरासरी पंचवीस तास आधी थांबतात. दहा वर्षांनी त्याच कॉक्रेनने ८२ अभ्यास पाहिले, नीट काटेकोर केलेले अभ्यास वेगळे काढले, आणि म्हटलं की बहुधा फरक पडत नाही. ते पंचवीस तास गेले कुठे? लहान, ढिसाळ अभ्यासांच्या ढिगात होते. मोठे अभ्यास आले आणि ढीग बसला.

पुरस्कर्ता : ते दोन अभ्यास मीही वाचलेत, आणि वाचून महिनाभर कुपी लिहिली नव्हती. मग मलाच प्रश्न पडला. ती मुलं कोण होती? पोटभर खाणारी, बहुतेकांना रोटाव्हायरसची लस मिळालेली, नळाला स्वच्छ पाणी. पूड घेऊनही जी पोरं दोन दिवसांत बरी होतात, त्यांना आणखी बरं कसं करणार? आमच्याकडे येणारं पोरगं वर्षातून चार-पाच वेळा जुलाबाने झोपतं, दर वेळी थोडं वजन हरवतं. त्याचं आतडं अमेरिकेतल्या मुलासारखं आहे असं धरून चालायचं का?

आणि अमेरिका सोडून ओडिशात या. ऑगस्ट २०१७, ‘नेचर’. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांचा अभ्यास. १४९ गावं, ४५५६ नवजात बाळं, सगळी अंगावर पिणारी. जन्मानंतर दोन-चार दिवसांतच सुरू करून फक्त सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमचा एक ठराविक वाण आणि त्याला खायला वनस्पतीतून काढलेली साखर. बाकीच्यांना नुसती निर्जीव पूड. पहिल्या दोन महिन्यांत जंतुसंसर्ग रक्तात पसरणं किंवा मृत्यू, हे पूड मिळालेल्यांत शंभरात नऊ आणि जिवाणू मिळालेल्यांत साडेपाचांच्या आत. चाळीस टक्क्यांनी कमी! फायदा इतका स्पष्ट दिसला की ठरल्यापेक्षा आधीच अभ्यास थांबवला. सात दिवसांचे डोस, साहेब. कुठलं अँटिबायोटिक असं करून दाखवतं?

शंकेखोर : ओडिशाच्या अभ्यासाला मी टोपी काढतो. फक्त तो तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे की माझ्या, ते तपासू. तिथे मूल कोण? दोन-चार दिवसांचं, पूर्ण दिवसांचं किंवा त्याच्या जवळपास, वजन दोन किलो किंवा जास्त, धडधाकट. आजार कुठला? रक्तातला जंतुसंसर्ग. जिवाणू कुठला? पाणिग्रहींच्या लोकांनी दोनशे-अडीचशेहून जास्त वाण चाळले आणि आतड्यात टिकून राहणारा एक निवडला. आता तुमची कुपी. मूल दोन वर्षांचं, आजार जुलाब, जिवाणू बॅसिलस क्लॉसाय. मूल वेगळं, आजार वेगळा, जिवाणू तर वेगळ्याच कुळातला. सारखं काय उरलं? ‘प्रोबायोटिक’ हा शब्द. एका गोळीने रक्तदाब उतरला म्हणून ‘गोळ्या गुणकारी असतात’ असं कुणी म्हणत नाही. जिवाणूंच्या बाबतीत मात्र रोज म्हणतात.

घरातलं उदाहरण घ्या. दूध तेच, पातेलं तेच, पण एका घरचं दही कवडी पाडावी असं लागतं आणि शेजारच्या घरचं तार सुटणारं. फरक विरजणाचा. कुठल्याही बाईला विचारा, ती ‘विरजण’ मागत नाही, ‘अमकीकडचं विरजण’ मागते. वाणाचं हे भान आपल्या स्वयंपाकघराला आहे आणि दवाखान्याला नाही! एश्चेरिचिया कोलाय तुमच्या-माझ्या आतड्यात सुखाने राहतो, आणि त्याचाच एक वाण माणसाची मूत्रपिंडं निकामी करतो. जात एक, वाण वेगळा, परिणाम दुसऱ्या टोकाचा.

(लिहिणाऱ्याने इथे तोंड घालणं शिष्टाचाराला धरून नाही, पण मराठीने या शब्दावर जो खेळ केला आहे तो नोंदवल्याशिवाय राहवत नाही. दूध जमतं तेही विरजणाने आणि उत्साहावर पडतं तेही विरजणच. आता पुढे.)

पुरस्कर्ता : वाणाचा मुद्दा बिनशर्त मान्य. पण मग तुमचे दोन अभ्यासही फक्त त्या तीन जिवाणूंबद्दल बोलतात, सगळ्या प्रोबायोटिकांबद्दल नाही. तुम्ही ‘फरक पडत नाही’ म्हणता तेव्हा तीच चूक उलट बाजूने करता. २०२०मध्ये अमेरिकेच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने मुलांच्या जुलाबात प्रोबायोटिक देऊ नका म्हणून सांगितलं, आणि त्यात स्पष्ट लिहिलं : हे अमेरिका आणि कॅनडापुरतं. युरोपातली मुलांच्या पोटविकारांची संस्था आजही दोन-तीन ठराविक वाणांना हलक्या आवाजात का होईना, होकार देते. पुरावा साधारण तोच, निवाडे दोन. आणि आपल्या देशातला अभ्यास हवा असेल तर कोलकात्याची झोपडपट्टी घ्या. एक ते पाच वर्षांची ३७५८ मुलं, बारा आठवडे रोज शिरोटा वाणाचं पेय. जुलाब चौदा टक्क्यांनी कमी.

शंकेखोर : तो अभ्यास पेय बनवणाऱ्यांच्या पैशावर झाला, हे नुसतं सांगून ठेवतो. त्यावरून तो खोटा ठरत नाही. पण ‘चौदा टक्के’ हा आकडा मला झोंबतो. मूळ आकडे बघा. साध्या पेयाच्या गटात ६७४ मुलांना जुलाब झाले, जिवाणूंच्या गटात ६०८. फरक ६६ मुलांचा. गट साधारण सारखे, म्हणजे अदमासे अठ्ठावीस-एकोणतीस मुलांनी बारा आठवडे रोज एक बाटली प्यायची, तेव्हा एका मुलाचे जुलाब टळतात. चौऱ्याऐंशी दिवस गुणिले अठ्ठावीस. अडीच हजाराला थोड्या कमी बाटल्या. झोपडपट्टीत. जिथे तेवढ्या पैशांत नळ आला असता, असं मी म्हणणार नाही, कारण नळ तेवढ्यात येत नाही. पण साबण नक्की आला असता. आणि प्रतिबंधच म्हणाल, तर २०१६पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आलेली रोटाव्हायरसची लस आहे. एक हैदराबादची, एक आपल्या पुण्याची. फुकट. तिच्याबद्दल मला अशी भागाकार-गुणाकाराची कसरत करावी लागत नाही.

पुरस्कर्ता : साबण देण्याचं काम माझ्याकडे नाही हो! माझ्याकडे रात्री नऊ वाजता पोर कडेवर घेऊन आलेली बाई असते. पण तुमचाच गणिती हट्ट मी माझ्या बाजूने वापरतो. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब. कान फुटला, न्यूमोनिया झाला, अँटिबायोटिक द्यावंच लागलं, आणि चौथ्या दिवशी पोराला जुलाब सुरू. कॉक्रेन, २०१९, ३३ अभ्यास, सहा हजारांवर मुलं. नुसतं अँटिबायोटिक घेणाऱ्या शंभरांत एकोणीस मुलांना जुलाब, सोबत प्रोबायोटिक घेणाऱ्या शंभरांत आठांना. नऊ मुलांना दिलं की एकाचं टळतं. तुमच्या अडीच हजार बाटल्या इथे नऊ कोर्सांवर आल्या.

शंकेखोर : इथे मी मागे सरतो. ऱ्हॅम्नोसस जीजी किंवा सॅकरोमायसिस बुलार्डाय, पुरेशा मात्रेत, अँटिबायोटिकच्या पहिल्या दिवसापासून, एवढं नेमकं लिहा, मी सही करतो. बुलार्डाय यीस्ट आहे, अँटिबायोटिक त्याला मारतच नाही; तर्कही जुळतो. फक्त एक विचारतो. त्या शंभर मुलांपैकी कितीजणांना अँटिबायोटिक लागत होतं? सर्दीला दिलेल्या अँटिबायोटिकने झालेले जुलाब प्रोबायोटिकने थांबवणं म्हणजे गळक्या नळाखाली बादली ठेवून तिची जाहिरात करणं.

पुरस्कर्ता : आता मी कधी उघड न बोललेली गोष्ट सांगतो. जुलाबाच्या दहा मुलांपैकी आठ-नऊ पाण्यासारखे जुलाब असलेली येतात, बहुतेक विषाणूंचे. त्यांना अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. पण आईला ‘औषध’ हवं असतं. ओआरएसला ती औषध समजत नाही, पाणी समजते. मी रिकाम्या हाताने पाठवली तर ती कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दवाखान्यात जाते आणि तिथे तिला ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलचं मिश्रण मिळतं. माझी कुपी त्या बाटलीच्या आडवी उभी राहते. कुपीने जुलाब थांबतात म्हणून मी ती देत नाही, अँटिबायोटिक थांबतं म्हणून देतो. याचा अभ्यास कुठल्या जर्नलमध्ये झालाय?

शंकेखोर : प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच जास्त धोक्याचं. तुम्ही प्रोबायोटिक देत नाही आहात, धीर देताय. धीर द्यायला माझी ना नाही. पण त्या कुपीत काय आहे, तेही पाहा. बॅसिलस क्लॉसायचे चार वाण, आणि ते निवडलेत कशावरून? अँटिबायोटिकांना दाद देत नाहीत यावरून. एकाला टेट्रासायक्लिन, एकाला क्लोरॅम्फेनिकॉल, एकाला रिफॅम्पिसिन चालत नाही. वेष्टणावर ते अभिमानाने छापतात. ज्या देशात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंनी नवजात शिशूंचे वॉर्ड व्यापलेत, तिथे आपण पोरांना हौसेने असे जिवाणू पाजतोय.

पुरस्कर्ता : त्या वाणांची ही प्रतिकारशक्ती त्यांच्या मुख्य गुणसूत्रात घट्ट बसलेली आहे, सहजासहजी शेजाऱ्याला देता येत नाही, असं तपासणारे सांगतात.

शंकेखोर : ‘सहजासहजी’वर मी रात्री झोपू शकत नाही. जिवंत गोष्ट सांगितलेल्या जागी बसत नाही, हे विसरू नका. इंग्लंडमध्ये अपुऱ्या दिवसांच्या १३१५ बाळांवर मोठा अभ्यास झाला, २०१६मध्ये लॅन्सेटला आला. निम्म्यांना बिफिडोबॅक्टेरियम, निम्म्यांना निर्जीव पूड. आतडं सडण्याचा जो भयंकर आजार अशा बाळांना होतो, त्यात फरक पडला नाही. पण मला धक्का दुसऱ्याच गोष्टीचा बसला. ज्यांना जिवाणू दिलाच नव्हता, त्यांपैकी निम्म्या बाळांच्या शीत शेवटी तो सापडला. या पाळण्यातून त्या पाळण्यात, हातांवरून. पॅरासिटामॉल असं शेजारच्या खाटेवर चालत जात नाही. आणि २०२३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला : रुग्णालयात प्रोबायोटिक दिलेल्या एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मृत्यू झाला, आणि त्याच्या रक्तात त्या उत्पादनातलाच जिवाणू सापडला.

पुरस्कर्ता : एक मृत्यू, आणि दुसऱ्या पारड्यात? ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अकराशे बाळांत तोच आतडं सडण्याचा आजार ४.४ वरून २ टक्क्यांवर आला. तो इशारा आल्यावर अमेरिकेतल्या कित्येक नवजात कक्षांनी वापर थांबवला, आणि तिथलेच अनेक डॉक्टर म्हणाले की आता थांबवल्यामुळे किती बाळं जातील ते कोण मोजणार? दिल्याने गेलेलं बाळ दिसतं. न दिल्याने गेलेलं कुणाच्या खात्यावर पडत नाही.

शंकेखोर : हे मला निरुत्तर करणारं आहे. म्हणून ते वॉर्डात, चाचणीच्या चौकटीत, शुद्धतेची हमी असलेल्या मालावर व्हावं असं म्हणतो. मेडिकलच्या फडताळात चहाच्या किटलीशेजारी ठेवलेल्या पुड्यांवर नको. त्यात कुठला वाण आणि किती जिवंत, हे मालकालाही माहीत नसतं.

पुरस्कर्ता : मग दही? रोज दहा आया विचारतात, ‘जुलाबात दही-भात चालेल का?’

शंकेखोर : चालेल म्हणा, पळेल म्हणा. जेवण म्हणून. जुलाबात पोराचं खाणं तोडायचं नाही, आणि दह्यातलं लॅक्टोज अर्धंमुर्धं मोडलेलं असतं, सोसतं. पण त्याला प्रोबायोटिक म्हणू नका, त्यातला वाण आणि संख्या आपल्याला माहीत नाही. खरं सांगू? मला जिवाणू विकत घेण्यापेक्षा घरच्या जिवाणूंना जेवू घालण्याची कल्पना जास्त पटते. ढाक्याच्या मीरपूर वस्तीत मध्यम कुपोषित मुलांवर एक अभ्यास झाला, २०२१मध्ये छापून आला. जेफ्री गॉर्डन आणि ढाक्याचे तहमीद अहमद. आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना काय आवडतं ते शोधून त्यांनी एक खाऊ बनवला. हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन आणि कच्चं केळं. नेहमीच्या तयार पूरक खाऊत उष्मांक जास्त असूनही या खाऊवरच्या पोरांचं वजन जास्त वेगाने वाढलं.

पुरस्कर्ता : ती यादी आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवावी अशी आहे! पण पाहा, तुम्ही शेवटी माझ्याच अंगणात आलात. आतड्यातले जिवाणू महत्त्वाचे, हे मानल्याशिवाय तो खाऊ सुचलाच नसता.

शंकेखोर : जिवाणू महत्त्वाचे नाहीत असं मी म्हणालोच कधी? कुपी महत्त्वाची नाही म्हणालो. आता व्यवहाराचं बोलू. चिठ्ठीवर प्रोबायोटिक लिहिताना तीन गोष्टी लिहा : वाणाचं पूर्ण नाव, कशासाठी, किती दिवस. तिन्ही लिहिता आल्या तर द्या. एकही अडली तर ती ओळ कोरी सोडा.

पुरस्कर्ता : अँटिबायोटिकसोबत देताना तिन्ही लिहीन. साध्या जुलाबात ‘कशासाठी’पाशी पेन अडेल. ‘आईसाठी’ असं लिहायला जागा आहे का?

शंकेखोर : नाही. पण तेवढ्या दोन मिनिटांत तिच्या समोर बसून एका लिटर पाण्यात अख्खं पाकीट कसं घालायचं ते दाखवता येईल. पेलाभर पाण्यात चमचाभर नाही, आणि खोक्यातलं गोड पेयही नाही. बाजारातल्या गोड पेयांच्या नावावरून ‘ओआरएस’ ही अक्षरं काढायला अन्न प्राधिकरणाला २०२५ साल उजाडलं. दिलीप महालनबीस यांनी १९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत ड्रमांतून जे पाजलं, ते इतकं साधं होतं की पन्नास वर्षांनीही ते आपल्याला औषध वाटत नाही.

पुरस्कर्ता : दाखवतो. बाहेर तीस पेशंट असले तरी दाखवतो. तरी ती विचारते, ‘बंद व्हायला काहीतरी द्या ना.’

शंकेखोर : आणि चौथ्या दिवशी काय विचारते?

पुरस्कर्ता : चौथ्या दिवशी ती येत नाही. जुलाब थांबलेले असतात. कुपीने थांबले, असं शेजारणीला सांगते.

शंकेखोर : आणि झिंक? चौदा दिवसांचं लिहिलं होतं ना तुम्ही?

पुरस्कर्ता : बाटलीत दहा दिवसांचं उरलेलं असतं.